मारामारीत जखमी झालेला तरुण, दारू आणि गांजा : खान्देशातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर, आवाज खाली घेऊन विचारले जातात. विचारणारी आई असते, मोठा भाऊ असतो, कधी वर्षभरापूर्वी लग्न झालेली बायको, क्वचित तो स्वतः. उत्तरं साधारण १८ ते ३० वयाच्या मुलांना धरून दिली आहेत. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते डॉक्टर ठरवतील. ज्या प्रश्नात घाई आहे तो सगळ्यात आधी घेतला आहे.

ॲडमिट होऊन दोन दिवस झाले. काल बरा होता. आता हात थरथरतात, चादरीवर मुंग्या दिसतात म्हणतो, सलाइन उपटतो. हे काय आहे?

आधी नर्सला हाक मारा, बाकीचं नंतर वाचा.

रोज पिणारा माणूस भरती झाला की त्याची दारू एका झटक्यात बंद होते. कुणी सोडवलेली नसते, फक्त मिळालेली नसते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. वॉर्डात याला ‘डीटी’ (डिलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात. यात जीव जाऊ शकतो. वेळेवर औषधं मिळाली तर बहुतेक जण बाहेर येतात.

डोक्याला मार असेल तर घोळ वाढतो, कारण मेंदूत रक्तस्राव झाला तरी माणूस असाच बरळतो. म्हणून निदान आपण करायचं नाही. डॉक्टरांना तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात: रोज किती प्यायचा आणि शेवटची कधी प्यायला. नेमकं इथेच आई म्हणते, “मना पोऱ्या असा नही” (माझा पोरगा तसा नाही). तिची अडचण कळते. शेजारच्या कॉटवर गावातलंच कुणीतरी असतं. मग डॉक्टरांना व्हरांड्यात गाठा, चिठ्ठीवर लिहून द्या, पण सांगा. पहिल्याच दिवशी कळलं तर थरथर सुरू होण्याआधीच गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन चालू करता येतं.

“थोडी पाजली की शांत होईल” म्हणून पाण्याच्या बाटलीत भरून आणणारे मित्र हमखास भेटतात. त्यांना गेटवरूनच परत पाठवा. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून डिस्चार्ज घेऊन भगताकडेही नेऊ नका. उतारा करायचाच असेल तर तो घरी बसून करता येतो, पेशंटला हलवायची गरज नाही.

मार त्याला बसला, चूक समोरच्याची. मग याच्या पिण्याची चौकशी कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि समुपदेशकाने सुरुवातच इथून करावी. पोरगा प्यायलेला होता म्हणून त्याच्यावर चॉपर चालवायचा परवाना कुणाला मिळत नाही. हे स्पष्ट बोललं नाही तर त्याला वाटतं, हा पण समोरच्याच पार्टीचा. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.

चौकशी पुढच्या खेपेसाठी असते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात १४ ते २४ वयाच्या, आधीपासून नशा करणाऱ्या मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. मारामारीतून जखमी होऊन इमर्जन्सीत आलेल्यांपैकी ३६.७ टक्के मुलं त्या दोन वर्षांत पुन्हा हिंसेतच जखमी होऊन दवाखान्यात आली. दुसऱ्या कारणांसाठी आलेल्या तशाच मुलांमध्ये हे प्रमाण २२.४ टक्के होतं. नशेचा विकार जडलेल्या आणि आघाताचा मानसिक त्रास असलेल्या मुलांना धोका जास्त होता. फ्लिंटमध्ये पिस्तुलं सर्रास, आपल्याकडे अजून लाकडी दांडा, कोयता, चॉपर आणि अधूनमधून गावठी कट्टा. त्यामुळे आकडे जसेच्या तसे जळगावला लावता येणार नाहीत. पण एकदा मार खाल्लेला मुलगा पुन्हा मार खाण्याच्या वाटेवर असतो, हे इथल्या वॉर्डातल्या कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारा.

नशेत डोळे समोरच्याचा चेहरा चुकीचा वाचतात. वरातीत डीजेपुढे धक्का लागला की तो मुद्दाम मारल्यासारखा वाटतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांच्या डावावर दहा रुपयांवरून शब्द वाढतो. आणि इथून निघायला हवं हे ज्या क्षणी कळायला हवं, तो क्षण निसटतो.

बरा होऊन घरी आला की मग बघू. दवाखान्यातच हा विषय कशाला?

कारण घरी आल्यावर विषय निघत नाही. पंधरा दिवसांत पाहुणे येऊन जातात, केस कोर्टात की तडजोड यावर भाऊबंदकी बसते, जखम भरते, आणि एका संध्याकाळी मित्र गाडी घेऊन दारात उभा राहतो.

भरती असताना माणूस थांबलेला असतो. दुखतंय, भीती वाटतेय, हॉस्पिटलच्या छताकडे बघत पडून आहे. सिॲटलच्या ट्रॉमा सेंटरमधला १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. जखमी होऊन आलेल्या, दारूचा प्रश्न असलेल्या लोकांशी भरती असतानाच एकदा नीट बोलणं झालं, आणि वर्षभरानंतरही त्यांचं पिणं कमी राहिलं. फायदा सगळ्यात जास्त कुणाला झाला? ज्यांचं व्यसन अजून हाताबाहेर गेलेलं नव्हतं त्यांना. विशी-पंचविशीतली आपली बहुतेक पोरं त्याच टप्प्यावर असतात.

वेळ मात्र बघावी. भूल उतरत असताना, पोलीस जबाब घ्यायला आलेले असताना, किंवा काका-मामा-आत्या असा गोतावळा कॉटभोवती उभा असताना हे बोलणं होत नाही. दुपारी जेवणानंतर वॉर्ड जरा शांत होतो, ती वेळ बरी.

बोलायचं तरी काय? आम्ही समजावून थकलो.

थकलात, कारण समजावत होतात. “बघ, काय गत करून घेतली” हे त्याला ठाऊक आहे. शपथा घालून झाल्यात, देवाला हात लावून झालाय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये एक वेगळी पद्धत मांडली, ती नंतर स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. तिचं सार असं की सोडण्याची कारणं आपण सांगायची नाहीत, त्याच्या तोंडून निघतील असे प्रश्न विचारायचे. वॉर्डात ते साधारण असं चालतं. मावसभाऊ कॉटजवळ स्टूल ओढून बसलेला, पोराच्या हातात प्लॅस्टर:

“रात्री झोप लागली?”
“नाही दादा. डोळा लागला की तेच दिसतं.”
“घरी असतास तर काय केलं असतं?”
“नाइंटी मारली असती.”
“त्याने लागते?”
“लागते. तीनला परत जाग येते.”
“मग?”
“मग काय. बसतो सिगारेट ओढत.”
“म्हणजे काम अर्धंच होतं तिचं.”
“हां. अर्धंच.”

दादाने एकही उपदेश केलेला नाही. ‘अर्धंच’ हे उत्तर पोराने स्वतः दिलं, म्हणून ते त्याच्याजवळ राहील. आता पुढचा प्रश्न: “दहापैकी किती वाटतं, कमी करावी?” तो म्हणेल, चार. आपली जीभ लगेच वळवळते, “चारच?” ती आवरायची आणि उलटं विचारायचं, “चार का? दोन का नाही म्हणालास?” मग तो कारणं सांगायला लागतो. आई रडते. मालकाने गाडी चालवायला द्यायचं बंद केलंय. पोलीस भरतीची फिजिकल द्यायची होती. ती कारणं ऐका, मध्ये बोलू नका, आणि शेवटी त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

यासाठी मोठी पदवी लागते असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांसोबत जास्तीत जास्त चार बैठका केल्या. २०१७ साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आलेले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. आकडा डोळे दिपवणारा नाही, आणि म्हणूनच मला तो भरवशाचा वाटतो. शंभर टक्के ग्यारंटीची पाटी लावणाऱ्यांपेक्षा नक्कीच.

किती प्यायली म्हणजे जास्त? तो म्हणतो, मी शनिवारीच घेतो.

मोजून बघा. ३० मिली व्हिस्की किंवा रममध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्याला एक माप धरू. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा मापं. ६५० मिलीची आठ टक्केवाली स्ट्राँग बिअर म्हणजे चार, म्हणून “बिअरच आहे ना” याला काही अर्थ नाही. शनिवारी एक क्वार्टर आणि वर एक बिअर झाली की एका बैठकीत दहा मापं पोटात गेली. आठवड्यातून एकदाच असली तरी मारामारी त्याच रात्री होते.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले की पिणं धोक्याच्या हद्दीत गेलं असं धरतात. समुपदेशकाकडून ती करून घ्या. घरात बसून बापाने पोराची परीक्षा घेतल्यासारखी करू नका.

हातभट्टीच्या दारूला हे गणित लागत नाही, कारण तिच्यात किती काय आहे ते काढणाऱ्यालाही माहीत नसतं. मिथेनॉलची भेसळ असेल तर आधी पोटात दुखतं, मग डोळ्यांपुढे धुकं येतं. असं झालं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

गांजा तर झाडपाला. दारूसारखी भांडणं होत नाहीत त्याने.

दारू पिऊन जेवढा दंगा होतो तेवढा गांजा ओढून लगेच होत नाही, हे खरं. पण रोज ओढणाऱ्याला काही महिन्यांनी संशय यायला लागतो: ते माझ्याबद्दलच बोलताहेत, तो गाडीवाला माझ्या मागे आहे. ज्याच्यावर खरोखर हल्ला झालाय त्याच्या मनात ही भीती आधीच बसलेली असते. त्यात गांजाने भर पडली की तो खिशात चाकू बाळगायला लागतो. घरात आधी कुणाला मानसिक आजार असेल तर धोका आणखी वाढतो.

दुसरं कारण व्यवहाराचं. गांजा विकणाऱ्याकडे जावं लागतं, उधारी होते, आणि त्या उधारीतून झालेल्या हाणामाऱ्या पेपरात येतच असतात. सातपुड्याच्या पायथ्याला शेतात लावलेला गांजा पोलीस पकडतात, त्या बातम्या शिरपूरकरांना नवीन नाहीत. माल हाताशी असल्यामुळे तो किरकोळ वाटतो, एवढंच.

आणि ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना गांजाबद्दल सांगायलाच हवं. भुलेच्या औषधाचं प्रमाण आणि छातीची काळजी त्यावर ठरते.

गांजा बंद केल्यावर तो जास्तच चिडचिडा झाला. सोडवून चूक केली का?

नाही. एक-दोन दिवसांत चिडचिड, भूक मरणं, झोप उडणं, विचित्र स्वप्नं हे सुरू होतं, पहिल्या आठवड्यात शिगेला पोहोचतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. दारूसारखा जिवाला धोका सहसा नसतो. मात्र या पंधरवड्यात घरच्यांनी जमिनीची वाटणी, लग्न, केसचा खर्च असले विषय काढू नयेत. चिलमीत किंवा सिगारेटमध्ये तंबाखूही असतो, तोही एकदम तुटतो, म्हणून त्रास दुप्पट वाटतो. तंबाखूचं डॉक्टरांना वेगळं सांगा. धुरामुळे हाड जुळायलाही वेळ लागतो. ऑर्थोचे डॉक्टर पोरांना ओरडतात ते उगाच नाही.

झोपेसाठी घेतो म्हणतो. झोप खरंच येत नाही त्याला.

खरंच येत नसणार. हल्ला झालेल्या माणसाला महिनोन्महिने दचकून जाग येते. फटाका वाजला की अंग आकसतं, ज्या चौकात मारलं तो चौक टाळून लांबून जातो, घरात दाराकडे तोंड करून बसतो. हा आघाताचा त्रास आहे, उपचारांनी कमी होतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात झोप तुटते, आणि सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त घाबरल्यासारखं वाटतं. म्हणजे संध्याकाळी पुन्हा तीच गरज.

नुसती दारू काढून घेतली आणि झोपेचं काहीच केलं नाही, तर तो पुन्हा पिणार. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त केसेस फसतात. व्यसनाचा डॉक्टर व्यसन बघतो, हाडाचा डॉक्टर हाड, आणि रात्री तीन वाजता जागा असलेला मुलगा कुणाच्याच कागदावर येत नाही. महिना उलटूनही असं चालू असेल तर मानसोपचार विभागात ‘झोप येत नाही, तेच दिसतं’ एवढंच सांगा. बाकीचं ते विचारतील. मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका; दारूसोबत त्या घेतल्या तर श्वास मंदावतो.

दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत. थोडी घेतली तर?

ट्रॅमाडॉल चालू असेल तर अजिबात नाही: श्वास मंदावतो, फिट येऊ शकते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनवर दारू घेतली की पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं. पॅरासिटामॉल आणि दारू दोघांचा भार यकृतावरच. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू टाळायला डॉक्टर सांगतात ते उलट्या-धडधडीच्या भीतीने.

उलट बाजूने एक गोष्ट. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन हे चांगलं औषध आहे, पण ते ट्रॅमाडॉल, मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचा परिणाम अडवतं. हाडातली प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगा.

त्याला न सांगता जेवणात मिसळायची गोळी मिळते म्हणे?

मिळते आणि विकलीही जाते, ‘दारू सोडवा, पेशंटच्या नकळत’ अशा पाट्या एसटी स्टँडबाहेर सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, क्वचित माणूस दगावतो. ज्याला माहीत आहे तो प्यायचं टाळतो, म्हणूनच औषध चालतं. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा बसतो आणि कोसळतो. शिवाय एकदा कळलं की आईच्या हातचं जेवण तो परत विश्वासाने खात नाही.

दवाखान्यात खरं सांगितलं तर पोलिसांत जाईल?

मारामारीच्या केसमध्ये एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, होतेच. जखमा कुठे, किती खोल, तोंडाला दारूचा वास आहे का, हे त्या कागदावर येतं. तुम्ही लपवून ते थांबत नाही. नंतर समुपदेशकाशी किंवा मानसोपचार विभागात झालेलं बोलणं वेगळं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार ती माहिती गोपनीय ठेवावी लागते, आणि दारू-ड्रग्जच्या गैरवापरातून आलेल्या मानसिक अवस्था या कायद्यात येतात. अपवाद आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाचा आदेश आला तर.

गांजा ओढणं हा १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला असेल आणि स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. वकिलाला हे कलम आवर्जून विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

मित्र म्हणतात, “तू फक्त बरा हो, बघून घेऊ.” हे कसं थांबवायचं?

दारू, गांजा आणि खुन्नस यांची मोळी एकत्रच बांधलेली असते. बदला घ्यायचं ठरतं ते बाटलीवर, आणि बदल्याच्या नावाने पुन्हा बाटली उघडते. म्हणून समुपदेशनात “पुढे काय करायचं ठरवलंय?” हे सरळ विचारावं लागतं. बहुतेक जण म्हणतात, “काही नाही, पण गप्प बसलो तर गावात तोंड कसं दाखवू?” या प्रश्नाला घरातल्या मानाच्या माणसानेच उत्तर द्यायचं असतं. आबा किंवा नाना शेजारी बसून म्हणाले की “केस आपण लढू, तू हात उचलायचा नाही, आणि याला मी पळपुटेपणा म्हणणार नाही,” तर समुपदेशकाच्या दहा बैठकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

बाकी व्यवहार. भेटायला येणाऱ्यांवर बंधन घाला. त्याचा मोबाइल जप्त करू नका, पण ज्या ग्रुपवर चॉपर घेऊन केलेले रील फिरतात त्यातून बाहेर पडायला सांगा. जमलं तर महिना-दोन महिने मामाकडे नाशिकला किंवा आत्याकडे सुरतेला पाठवा. खान्देशातल्या अर्ध्या घरांचं कुणी ना कुणी सुरतेत असतंच. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. पोरांना लोकांच्या डोळ्यांसमोर ‘तीनशे सात’, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं खुनाच्या प्रयत्नाचं कलम, मिरवायला आवडतं. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत १०९ आहे, शिक्षा तितकीच जड. अमुक दिवशी अमुक जागी जाणार, असं ठरवलेलं कानावर आलं तर गुपित ठेवू नका. ११२.

पूर्णच सोडायला हवी का? कमी केली तर चालणार नाही?

फिट आलेली असेल, डीटी झालेली असेल, डोक्याला जबर मार असेल किंवा सकाळी उठल्यावर प्यावीच लागत असेल तर पूर्ण बंद, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीत. बाकीच्यांसाठी कमी करणं हेही यशच. त्याने स्वतः ठरवलेला छोटा नियम टिकतो: घराबाहेर नाही, गाडी असेल तर नाही, ज्यांच्यासोबत भांडण झालं त्या कट्ट्यावर नाही, क्वार्टरऐवजी नाइंटी आणि आधी जेवण. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, तिथे हमखास बाटली येते. त्या दिवशी जायचं का, गेलो तर परत कुणासोबत यायचं, हे सकाळीच ठरवलेलं बरं. टोकाचे सल्लागार यावर नाक मुरडतील. मुरडू द्या.

आमच्याकडे मोहाची दारू देवाला लागते. तीही बंद?

नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा घरांतून हा प्रश्न येतो. पूजेची धार आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात दिवसभर पिणं, यातला फरक घरातल्या म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्यांनाच विचारा. ज्याला पूर्ण बंदी सांगितली आहे त्याने धार टाकावी, घोट दुसऱ्याने घ्यावा. बऱ्याच घरांनी हे मान्य केलेलं आहे.

लग्न लावून दिलं की सुधारेल?

नाही. आणि ती मुलगी कुणाची तरी लेक आहे.

जखमी झालेली मुलगी असेल तर?

तिला मारणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो, म्हणून तिच्याशी एकटीशी बोलणं ही पहिली अट. नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना विचारलेल्या प्रश्नाला “पडले” हेच उत्तर येणार. ती पीत असेल तर ते कुणी विचारतही नाही, आणि दुखण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्यांची सवयही अशीच दडून राहते. महिला हेल्पलाइन १८१.

जायचं कुठे?

धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तसंच जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथे मानसोपचाराची ओपीडी गाठा. भरती असतानाच वॉर्डातल्या डॉक्टरांना “मानसोपचार विभागाचा रेफरन्स द्या” म्हणा, म्हणजे केसपेपरसाठी वेगळी रांग लागत नाही. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्यात १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र लांब असलं तरी तिथे जाऊन आलेली माणसं आपल्या भागात भेटतात, आणि त्यांचा अनुभव ऐकणं पोराला डॉक्टरांपेक्षा सोपं जातं.

खासगी केंद्र निवडताना तीन गोष्टी बघा. डॉक्टर रोज येतात की नुसती पाटी आहे? घरच्यांना भेटू देतात का? आणि रात्री गाडी आणून पोराला उचलून न्यायची ऑफर देतात का? देत असतील तर तिकडे फिरकू नका. साखळीने बांधून ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे. आधीच चार जणांनी धरून मारलेल्या मुलाला पुन्हा चार जणांनी धरून नेलं तर त्याच्या मनात काय होत असेल, याचा विचार करा.

चार महिने बरा होता, पोळ्याला पुन्हा प्यायला. सगळं पाण्यात गेलं?

चार महिने गेले कुठे? ते त्याने काढलेत. रात्री भांडू नका, दार उघडा, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारा: काल आधी काय झालं होतं? समोरच्या पार्टीतला कुणी दिसला, कोर्टाची तारीख होती, की नुसता बैल सजवून झाल्यावर मित्रांनी ग्लास पुढे केला? पुढच्या वेळेची तयारी त्या उत्तरात सापडते. एक मात्र बघा: मधे बरेच दिवस बंद असल्याने शरीराची सवय मोडलेली असते, तेवढीच क्वार्टर आता जास्त चढते.

टाके काढायला बोलावलंय. त्या दिवशी काय विचारून घेऊ?

रांगेत उभं राहण्याआधी कागदावर लिहून घ्या, आत गेल्यावर विसरायला होतं. गोळ्या किती दिवस, आणि कोणती बंद झाल्यावर कोणती चालू राहील. कामावर कधी जायचं. केळीचे घड उचलणं, ट्रक भरणं असेल तर तसं स्पष्ट सांगा, ‘हलकं काम’ म्हणजे काय ते त्यांच्याकडूनच ऐका. डोक्याला मार होता तर फिटची शक्यता किती दिवस, आणि तोपर्यंत मोटारसायकल चालवायची का. झोप, दचकणं, पिणं याबद्दल त्याने स्वतः बोलायचं आहे, म्हणून त्या दोन मिनिटांसाठी तुम्ही केबिनबाहेर थांबा. आणि निघताना मानसोपचार ओपीडीचा वार कोणता ते खिडकीवर विचारून घ्या, त्याच केसपेपरवर पुढची तारीख टाकून मिळते का तेही.